समासातली पिवळी रेघ

मी एक जुना पिवळा हायलायटर आहे. जुना म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. आमच्या घराण्यात कोणी परीक्षेचा एक हंगाम काढला तरी लोक 'बरा टिकला' म्हणतात, आणि मला तर पाचवं वर्ष लागलं आहे. माझ्या अंगावरची छापील अक्षरं केव्हाच पुसली गेली. टोपणाला तडा गेला. माझं तिरकं टोक घासून घासून बोथट झालं. आठवणी मात्र शाबूत आहेत, आणि ऐकणारं कोणी भेटलं की त्या आपोआप वर येतात.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी माझं पोकळ अंग तयार झालं. मग पोटात धाग्यांची जाड वात बसवली आणि तिला पोटभर पिवळी शाई पाजली. शेवटी टोक बसवून टोपण दाबलं, तेव्हा 'टक्' असा आवाज आला. त्या रांगेच्या टोकाला एक बाई बसायच्या. शंभरातला एखादा उचलून त्या कागदावर ओढून पाहत. माझी पाळी आली. त्यांनी रेघ ओढली, मान तिरकी करून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा लिंबासारखा उजळलाय." आयुष्यातलं ते पहिलं कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

माझं काम पेनासारखं नाही. मी एक अक्षरही लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्यावरून हलकेच हात फिरवतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, इथे जरा थांब. त्यात अक्षर झाकलं जाता कामा नये, हे सगळ्यात महत्त्वाचं.

दुकानातून मला विकत घेतलं ते कॉलेजातल्या एका मुलीने. आजारातून उठलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा कशी शिकवायची, याचं शिक्षण ती घेत होती. शर्टाची बटणं लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, एकेक पायरी चढणं, असली कामं. पुढे तिचे रुग्ण तिला ताई म्हणू लागले, म्हणून मीही ताईच म्हणतो.

पहिल्या महिन्यात ताईने माझा नुसता फडशा पाडला. जाडजूड पुस्तक उघडायचं आणि पहिल्या ओळीपासून मला पळवत सुटायचं. तिला सगळंच महत्त्वाचं वाटे. पानंच्या पानं हळद सांडल्यासारखी दिसू लागली. एकदा तिच्या सरांनी ते पुस्तक हातात घेतलं, चार पानं उलटली आणि अगदी शांतपणे विचारलं, "यात महत्त्वाचं नाही ते कुठे आहे?" सगळा वर्ग हसला. ताईचे कान लाल झाले. त्या दिवसापासून ती आधी पान पुरतं वाचायची, मग थोडा विचार करायची आणि त्यानंतरच माझं टोपण काढायची. एका पानावर एक ओळ, फार तर दोन. म्हणून तर मी इतकी वर्षं पुरलो.

ताईच्या खोलीत पार्लरचं काम शिकणारी एक मैत्रीण राहायची. तिच्या डब्यात माझा एक नावबंधू होता. तोही हायलायटरच, पण चमकत्या पावडरीचा. गालाच्या उंचवट्यावर बोटाने ती फिरवली की चेहऱ्यावर खिडकीतला उजेड पडल्यासारखा वाटे. मैत्रीण केसांच्या बटा रंगवायलाही शिकत होती, आणि त्या बटांनाही आमच्याच नावाशी मिळतंजुळतं काहीतरी म्हणत. ताईच्या कॉम्प्युटरवर तर माझ्या चित्राचं बटण होतं. ते दाबलं की शाईचा थेंब न लागता अक्षरं पिवळी. मला भारी राग यायचा. एका नावावर किती जणांनी जगायचं? डब्यातला नावबंधू मात्र समजूतदार होता. तो म्हणाला, "अरे, आहे तेच तर दाखवायचं आपण. गालाला उंचवटाच नसेल तर मी तरी काय करणार?" पुढे मैत्रीण दुसरीकडे राहायला गेली आणि त्याचीही भेट संपली.

ताई पास झाली, एका हॉस्पिटलात लागली, आणि मी तिच्या ॲप्रनच्या खिशात राहू लागलो. काही रुग्णांच्या घरीही तिला जावं लागे. तसंच एका दुपारी आम्ही एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो.

दोन खोल्या, एक गॅलरी, आणि भिंतभर पुस्तकं. तिथे एक आजोबा आणि आजी राहत. आजोबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकूर बारकाईने वाचून त्यातल्या चुका काढणं, हे त्यांचं काम. एखादी वेलांटी चुकली तरी त्यांचं लाल पेन तिथे पोचे. छापखान्यातले लोक म्हणत, यांच्या हातात लग्नाची पत्रिका देऊ नका, नवऱ्यामुलात चूक काढतील. आजींची नजर मात्र आठ वर्षांपूर्वी गेली होती. अगदी काळोख नव्हता. कडेचं अंधुक दिसे, समोर बघितलं की मध्ये धुकं. घरात त्या सवयीने वावरत, पण वाचन संपलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता आजोबा त्यांना मोठ्याने पुस्तक वाचून दाखवत. आठ वर्षांत त्यांनी भिंतीवरचे तीन कप्पे संपवले होते.

मग आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, डोळेही ठणठणीत राहिले. डावा हात तेवढा लुळा पडला. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी त्यांना स्वतःला कळलीच नाही. त्यांच्या मेंदूने डाव्या बाजूची दखल घेणं सोडून दिलं. डावीकडेही काही असतं, हेच त्यांच्या ध्यानात येईना. दाढी केली तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर चार दिवसांचे खुंट. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि म्हणायचे, "हल्ली वाढताना हात आखडतेस तू." आजी ताट अर्धं फिरवत, आणि आजोबांना वाटे, पुन्हा वाढलं.

वाचनाचंही तसंच झालं होतं. प्रत्येक ओळीचा उजवा अर्धा भाग ते वाचत. पहिल्या दिवशी ताई कोपऱ्यात बसून ऐकत होती. पुस्तक होतं एका खलाशाच्या घराची कादंबरी. पानावर लिहिलं होतं, 'खलाशाची म्हातारी आई रोज सकाळी कंदील पुसून ठेवायची. गावातली माणसं हसायची, पण तिने ते कधी मनावर घेतलं नाही. एके दिवशी धुक्यातून एक बोट अलगद धक्क्याला लागली.' आजोबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "कंदील पुसून ठेवायची. कधी मनावर घेतलं नाही. अलगद धक्क्याला लागली." मग चष्मा वर करून म्हणाले, की आजकालच्या लेखकांना कर्ता कुठे ठेवायचा तेच कळत नाही. आजी मान हलवून "हं" म्हणाल्या. जणू कंदीलच चालत चालत धक्क्याला लागला होता.

वर्तमानपत्राची तर त्यांनी पुरती झडती घेतली होती. मजकुरात काही राहून गेलं की मुद्रितशोधक तिथे कावळ्याच्या पायासारखी एक खूण करतात. तिला काकपद म्हणतात. आजोबांच्या वर्तमानपत्रावर लाल काकपदांची शाळाच भरलेली असे. संपादकांना त्यांनी तक्रारीचं पत्रही लिहिलं होतं. तेही कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात.

ताई स्वयंपाकघरात गेली. आजी ओट्याशी उभ्या होत्या. ताईने हळूच विचारलं, की झटका आल्यापासून दोन महिने हे असंच वाचन चाललंय का. आजी म्हणाल्या, हो. तुम्हाला कळतं का, विचारलं तर म्हणाल्या, शब्द कळतात, आवाज तर तोच आहे, मग गोष्ट मी आपली मनात जुळवून घेते.

"मग त्यांना सांगितलं का नाही, आजी?"

आजींनी ओट्यावरून फडकं फिरवलं, फिरवलेल्या जागीच पुन्हा फिरवलं.

"चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका काढल्या गं. आता त्यांची मी काढू?"

ताईने त्यांचा हात धरला. तिने समजावलं, की आपल्याकडून काहीतरी राहतंय हे त्यांना जोवर कळत नाही, तोवर ते डावीकडे वळून बघणारच नाहीत. "मी सांगितलं तर ते माझ्याशी वाद घालतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. नाहीतर हे वाचन असंच अर्ध्यावर राहील, आणि एक दिवस वैतागून ते पुस्तकच बंद करतील." त्या घरात दुपारी चारचं वाचन बंद पडणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. मी खिशात होतो, तरी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी मुद्दाम चार वाजता गेलो. आजोबांनी दोन ओळी वाचल्या. आजी म्हणाल्या, "अहो, थांबा. कालचा तो कंदील कोणी पुसला?"

"तेच तर म्हणतोय मी. लेखकाने सांगितलेलंच नाही."

"लेखकाने सांगितलंय," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडून राहतंय."

आजोबांनी पुस्तक मिटलं. ते ताईकडे वळलेसुद्धा नाहीत. तीन दिवस त्या घरात चार वाजले, पण वाचन झालं नाही. आजी आपल्या जागेवर येऊन बसत आणि साडेचारला उठून जात. ताई रोज येई, हाताचा व्यायाम करून घेई. पुस्तकाचा विषय कोणी काढत नसे.

चौथ्या दिवशी ताईने आजोबांच्याच खुणांनी लाल झालेलं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि माझं टोपण काढलं. बातमीच्या डाव्या कडेला, जिथून ओळी सुरू होतात त्या समासात, तिने वरपासून खालपर्यंत माझी एक जाड रेघ ओढली. एकाही अक्षराला मी स्पर्श केला नाही. मग तिने आजोबांचा उजवा हात धरून तर्जनी कागदावर ठेवली आणि सांगितलं, पिवळं दिसेपर्यंत मागे मागे चला. पिवळं दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही.

बोट मागे सरकू लागलं. अर्ध्यात आलं आणि थांबलं, जणू पुढे कागदच नाही. ताई नुसती म्हणाली, "अजून." बोट आणखी सरकलं. मान वळली. आणि मग आजोबांना मी दिसलो. त्यांनी तिथून ओळ वाचली. पुरी. नंतर दुसरी. तिसऱ्या ओळीत त्यांची लाल खूण होती. ते तिथे थांबले आणि त्यांनी उजव्या हाताने लाल पेन मागितलं. त्या बातमीतली एकेक खूण ते रद्द करत गेले.

"एकोणीस," शेवटी ते म्हणाले. "छापखान्यात असतो तर घरी बसवलं असतं मला."

"घरीच तर बसलाय," आतून आजी म्हणाल्या. मग ते दोघंही हसले. मला वाटतं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं सुरू झाली. वर्षं कुठली, महिनेच म्हणायला हवे, पण माझ्या वयात महिन्यांचीसुद्धा किंमत असते. ताईने मला आजींच्या ताब्यात देऊन टाकलं. सकाळी आजी दुपारची पानं काढत, लाकडी पट्टी पुस्तकाच्या डाव्या कडेला बोटांनी चाचपून लावत आणि माझी रेघ ओढत. पांढऱ्यावरचं पिवळं त्यांना दिसत नसे. पण पट्टी कधी हलली नाही, आणि काम झालं की टोपणाचा 'टक्' ऐकल्याशिवाय त्या मला खाली ठेवत नसत. दुपारी विचारत, "मिळाली का रेघ?" आजोबा बोट मागे नेऊन म्हणत, "मिळाली." कादंबरी त्यांनी झटका आला त्या पानापासून पुन्हा सुरू केली. कंदील पुसणारी म्हातारी आई आता प्रत्येक पानावर हजर राहू लागली.

मध्ये एकदा घोटाळा झाला. आजोबांची धाकटी बहीण आठ दिवस राहायला आली. आजी त्यांना वन्सं म्हणत. बाई मायाळू, पण भारी उत्साही. दादाला पिवळ्या रंगाने गुण येतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. भाऊ झोपलेला असताना त्यांनी मला उचललं आणि पुस्तकातली चांगली चांगली वाक्यं एकजात रंगवून टाकली. दहा पानं. माझा जीव कासावीस झाला, पण आम्हाला ओरडता येत नाही. दुपारी आजोबा वाचायला बसले. पिवळं दिसेपर्यंत मागे जायचं, हे ते इमानेइतबारे शिकले होते. आता पिवळं सगळीकडेच. बोट ओळीच्या मध्येच थांबायचं आणि तिथून वाचन सुरू. वाक्यं पुन्हा तुटली. आजोबांचा आवाज बारीक झाला. आजार परत उलटला असं त्यांना वाटलं असावं.

आजींनी पुस्तक हातात घेतलं आणि पान नाकाशी नेलं. शाईचा वास आला. मग त्यांनी विचारलं, "वन्सं, तुम्ही काही केलंत का याला?"

"मी आपलं चांगलं चांगलं तेवढं रंगवलं, वहिनी. दादाला मदत म्हणून."

"हा माणूस जन्मभर चुका रंगवत आला आणि तुम्ही चांगलं रंगवता," आजी म्हणाल्या. "घोटाळा होणारच की."

वन्सं रडवेल्या झाल्या. आजोबांनी त्यांना जवळ बसवलं आणि ती दहा पानं त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. त्यांचे तीन उच्चारही सुधारले.

पुढे ताईने रेघ बारीक करायला सांगितलं. आधी माझ्या टोकाच्या रुंदीएवढी असे, मग माझ्या कोपऱ्याने ओढलेली दोऱ्यासारखी. आजोबांचं बोट आता मागे जाताना अडखळत नसे. दाढीही दोन्ही गालांची होऊ लागली.

आणि मग माझं म्हातारपण आलं. एकदा मी आजींच्या हातून फरशीवर पडलो आणि टोपणाला तडा गेला. 'टक्' वाजायचा, पण तड्यातून हवा आत जायची. रोज थोडा थोडा मी वाळत गेलो. एका सकाळी आजींनी पट्टी लावली, मला वरून खाली ओढलं, आणि कागदावर काहीच उमटलं नाही. मी सगळा जोर लावला, पोटातली वात पिळून काढली. काही नाही. आजींनी समाधानाने टोपण लावलं. त्यांना कसं कळणार?

ती दुपार मी कधी विसरणार नाही. टेबलावर पडल्या पडल्या मी चार वाजण्याची वाट पाहत होतो आणि वाजू नयेत असंही म्हणत होतो. आजोबा येऊन बसले. पुस्तक उघडलं. आजींनी विचारलं, "मिळाली का रेघ?"

आजोबांनी मान डावीकडे वळवली. पांढरा समास. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आजींकडे पाहिलं. आजींची बोटं पट्टीवर होती. आजोबांचं बोट सावकाश मागे गेलं. अक्षरं संपून कोरा कागद लागला, तिथे ते थांबलं.

"मिळाली," ते म्हणाले.

आणि त्यांनी वाचलं. पहिल्या शब्दापासून. पानाच्या तळापर्यंत एकही ओळ तुटली नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. रोज सकाळी आजी माझी कोरडी रेघ ओढतात आणि रोज दुपारी आजोबांना ती मिळते. गेल्या आठवड्यात ताई आली होती. तिने सहज मला उचललं, तळहातावर ओढून पाहिलं, आणि काही बोलणार एवढ्यात आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. ताईने माझं टोपण पुन्हा लावलं. मग तिने मला होतो तिथे, पट्टीच्या शेजारी ठेवून दिलं.

मित्रांनो, आमचं टोपण नीट लावा, हे तर मी सांगणारच. फरशीवर पाडू नका, तड्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि सगळं पान रंगवत सुटू नका. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरात कोणी वाचताना, बोलताना, चालताना अडखळत असेल, तर हसू नका, आणि त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून 'आण, मी वाचतो' असंही म्हणू नका. ओळ जिथे सुरू होते तिथवर त्यांच्याबरोबर जा, आणि थोडं थांबा. बाकीचं ते वाचतील.

आता सकाळचे दहा वाजलेत. आजी पट्टी चाचपडत आहेत. मला जायला हवं. आज नवीन पुस्तक सुरू करायचं आहे.